गावाकडे

इंग्रजी भाषेत 'होमवर्ड' असा एक शब्द आहे. कोशात त्याचा अर्थ 'घराच्या दिशेने' असा दोन शब्दांत उरकलेला असतो. शब्द साधा आहे, पण त्याच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. घर ही जागा आहे की दिशा? आणि दिशा असेल तर ती कोणी ठरवायची, माणसाने स्वतः की त्याच्याकडे पाहणाऱ्याने? मराठी बोलणाऱ्या आम्हा मुसलमानांना हा प्रश्न केवळ भाषेचे कुतूहल म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तो आम्हांला चहाच्या टपरीवर, कचेरीत, क्रिकेटच्या सामन्यानंतर, भाड्याने घर शोधताना विचारला जातो. कधी थेट, तर बहुधा आडून. म्हणून आधी शब्दाची ओळख करून घेऊ आणि मग प्रश्नाकडे वळू.

शब्दाचे दोन तुकडे पडतात. 'होम' हा प्राचीन इंग्रजीतला 'हाम'. आज 'होम' म्हटले की चार भिंतींचे घर डोळ्यांपुढे येते. 'हाम'चा अर्थ मात्र त्याहून रुंद होता. राहते घर, वाडी, वस्ती, गाव असे सारे त्यात येई. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या शहरांच्या नावाअखेरीस जे 'हॅम' आहे ते हेच. आपल्याकडे 'वाडी' किंवा 'पूर' लागते तसे. दुसरा तुकडा 'वर्ड'. त्याचे जुने रूप 'वेअर्ड' आणि अर्थ 'वळलेला', 'तोंड केलेला'. महापालिकेचा वॉर्ड किंवा इस्पितळातला वॉर्ड निराळा. त्याचे मूळ राखण करणे या अर्थाच्या धातूत आहे. होमवर्डमधला हा 'वर्ड' लॅटिनमधल्या 'व्हर्तेरे'चा आणि संस्कृतातल्या 'वृत्' धातूचा भाऊबंद आहे. म्हणजे आपले आवर्तन, परिवर्तन, निवृत्ती आणि वर्तन हे शब्द त्याचे नातेवाईक ठरतात. हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तेव्हा 'होमवर्ड' म्हणजे मुळात 'गावाकडे तोंड वळलेला'. मराठीत याला शब्द शोधायची गरज नाही. 'गावाकडे' हा तोच शब्द आहे, आणि इंग्रजीपेक्षा अधिक रुळलेला आहे. मुंबईत दोन अनोळखी माणसे भेटली की दुसरा-तिसरा प्रश्न असतो, 'गावाकडे कोण असतं?' आम्ही 'गावाकडची भाषा', 'गावाकडचे तांदूळ' असे म्हणतो. बोलता बोलता आम्ही दिशेलाच जागा करून टाकले आहे. या 'कडे'च्या मुळाशी 'कड' आहे. कड म्हणजे बाजू. म्हणून भांडणात एखाद्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याची 'कड घेणे'. गावाकडे पाहणे आणि गावाची कड घेणे या दोन गोष्टी मराठीत एकाच शब्दातून निघतात.

आमच्या आडनावांतही ही दिशा आहे. पारकर, कळसेकर, चिपळूणकर, दाभोळकर. नावाच्या सुरुवातीला अब्दुल्ला किंवा फातिमा, आणि शेवटी गाव. ज्याने चार पिढ्यांत ते गाव पाहिलेले नाही, त्याच्या पासपोर्टावरही ते असते. आडनावातले हे गाव पत्ता म्हणून निरुपयोगी आहे. टपाल तिथे पोचणार नाही. तरी ते कोणी टाकून देत नाही, कारण ते पत्ता सांगत नाही, तोंड कुठे वळते ते सांगते.

आता या शब्दाच्या खऱ्या मुलखात, म्हणजे समुद्रावर जाऊ. इंग्रजीत 'होमवर्ड' हा शब्द जहाजांच्या तोंडी फार. इंग्लंडहून निघालेले जहाज 'आउटवर्ड', इंग्लंडला परतणारे 'होमवर्ड'. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात जहाजे हिंदुस्थानात पोचेपर्यंत त्यांवरचे गोरे खलाशी रोगराईने मरत, पळून जात, किंवा युद्धकाळात आरमार त्यांना जबरीने उचलून नेई. मग परतीच्या प्रवासासाठी मुंबई, सुरत, कलकत्ता या बंदरांतून देशी खलाशी भरले जात. त्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. मुंबईत भरती होणाऱ्यांत कोकणच्या किनाऱ्यावरचे मुसलमान मोठ्या संख्येने असत. आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तशी ही भरती आणखी वाढली. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी ही जहाजावरची हुद्द्यांची नावे. त्यांतली काही आजही आमच्यात आडनावे म्हणून नांदतात.

इथे जरा थांबून त्या जहाजाचे चित्र मनात आणावे. कप्तानाच्या वहीत प्रवासाची नोंद 'होमवर्ड' अशी आहे. त्याच जहाजावर दोर ओढणारा रत्नागिरीचा खलाशी प्रत्येक दिवसागणिक घरापासून दूर चालला आहे. जहाज एक, समुद्र एक, होकायंत्राची सुई एक, आणि शब्दाचे अर्थ दोन, एकमेकांच्या नेमके उलट. कप्तानाचा 'होमवर्ड' खोटा नव्हता, खलाशाचाही नव्हता. फरक इतकाच की एकाचा अर्थ वहीत लिहिला गेला आणि दुसऱ्याचा छातीत राहिला. यातून एक गोष्ट स्वच्छ कळते. घराची दिशा नकाशावर छापलेली नसते. उत्तर आणि दक्षिण सगळ्यांची सारखी. 'घराकडे' मात्र ज्याची त्याची असते. म्हणूनच ती दुसऱ्याच्या वतीने कोणाला सांगता येत नाही. इंग्रज कप्तानाला खलाशाची दिशा जशी ठरवता आली नसती, तशी ती शेजाऱ्यालाही ठरवता येत नाही, आणि सरकारलाही नाही.

सरकारे मात्र ती ठरवू पाहतात. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लास्करांना 'ब्रिटिश खलाशी' मानायचे नाही असे ठरवले. ते राजाची प्रजा होते, राजाची जहाजे चालवत होते, परंतु मजुरी गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी. इंग्लंडच्या धक्क्यावर त्यांनी राहू नये, त्यांना परत पाठवावे, अशी तजवीज कायद्यात होती. तरीही कित्येक जण परतीचे जहाज न मिळाल्याने लंडनच्या थंडीत अडकून पडत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एक निवारा उघडला. आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या बेटांवरचे लोक तिथे उतरत. त्याचे नाव होते 'स्ट्रेंजर्स होम', म्हणजे 'परक्यांचे घर'. नाव ठेवणाऱ्यांचा हेतू दयेचा असेल. आम्ही त्यावर शंका घेत नाही. परंतु हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. ज्या घरात शिरताना दारावर तुम्हांला 'परका' म्हटले जाते, ते छप्पर असते. पाऊस अडतो, अन्न मिळते. तोंड मात्र तिकडे वळत नाही.

दुसरे 'होम' मुंबईत आहे. मशीद बंदर भागातल्या 'इंडियन सेलर्स होम'मध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात मेलेल्या खलाशांचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातली दोन हजारांहून अधिक नावे, आणि दुसऱ्या महायुद्धातली त्याहून किती तरी जास्त. यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर होते, त्या गर्दीतली ही माणसे. त्यांचे जहाज बुडाले तेव्हा ते 'होमवर्ड' होते की 'आउटवर्ड' हे आता विचारण्यात अर्थ नाही. मरणाची खबर ऐकली की आम्ही जे वाक्य उच्चारतो त्यातला शेवटचा शब्द 'राजिऊन', म्हणजे 'परतणारे'. त्या अर्थाने शेवटचा प्रवास सगळ्यांचाच घराकडे असतो. पण दुनियेतल्या घराकडे परतायची त्यांची जी मुदत होती, ती अर्धीच राहिली.

आता त्या आडून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही नमाजला उभे राहतो ते पश्चिमेकडे तोंड करून. मुंबईहून किब्ल्याची दिशा पश्चिमेच्या किंचित उत्तरेला, सुमारे दहा अंश, अशी पडते. यावरून एक तर्क चालवला जातो की ज्यांचे तोंड दिवसातून पाच वेळा तिकडे, त्यांचे मनही तिकडेच असणार. या तर्कात किब्ला आणि घर या दोन गोष्टींची गल्लत आहे. आमच्या त्या खलाशाला ती कधीच झाली नसेल, कारण त्याचा किब्ला रोज हलत होता. मुंबईत तो पश्चिमेला उभा राहिला. एडनच्या धक्क्यावर तोच माणूस उत्तर-वायव्येकडे वळला. जहाज तांबड्या समुद्रातून उत्तरेला चालले असताना एके दिवशी मक्का त्याच्या उजव्या हाताला आली, म्हणजे तो पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला. आणि पूर्वेलाच, अरबस्तानाच्या आणि समुद्राच्या पलीकडे, त्याचे गावही होते. लंडनला किब्ला आग्नेयेला. केपटाउनला गेलेल्या कोकणी कुटुंबांचा किब्ला उत्तर-ईशान्येला. पश्चिम दिशेला आमच्या धर्मात स्वतःचे असे काही पावित्र्य नाही. किब्ला हा सगळ्यांच्या रांगा एका बिंदूकडे वळवणारा नियम आहे. जगभरातली कोट्यवधी माणसे त्या बिंदूकडे तोंड करतात आणि सलाम फेरून आपापल्या घरी जातात.

याचा सर्वांत मोठा दाखला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याच चरित्रात आहे. मक्का ही त्यांची जन्मभूमी. ती सोडताना त्यांना झालेले दुःख चरित्रग्रंथांत नोंदलेले आहे. ६२२ मध्ये ते मदिनेला आले. ६२४ च्या सुमारास किब्ला जेरुसलेमकडून मक्केकडे वळला. ६३० मध्ये मक्का हाती आली. आता जन्मभूमी, किब्ला आणि विजय हे सारे एका ठिकाणी जमले होते. मदिनेच्या अन्सारांना धास्ती वाटली की प्रेषित आता इथेच राहतील. ते राहिले नाहीत. मक्केत थोडे दिवस थांबून ते मदिनेला परतले, आणि ६३२ मध्ये तिथेच त्यांचे देहावसान झाले. हदीसच्या ग्रंथांत आणखी एक तपशील येतो. मक्केच्या त्या मुक्कामात त्यांनी नमाज 'कसर' केली, म्हणजे प्रवाशासारखी आखूड पढली. जन्मगावी, साक्षात काब्याच्या समोर, आणि प्रवासी! किब्ला एकीकडे आणि घर दुसरीकडे असू शकते, हे सांगायला याहून मोठा पुरावा आम्हांला तरी ठाऊक नाही.

याच धाग्यावर फिकहने पुढे नियम विणले. प्रवासी कोण आणि आपल्या 'वतना'त कोण, हे ठरवताना फकीहांनी माणसाच्या नियतीला, म्हणजे इराद्याला, मोठे स्थान दिले. हनफी मतात पंधरा किंवा अधिक दिवस राहायचा इरादा केला की ती जागा तात्पुरते वतन होते. आम्हा कोकण्यांच्या शाफई मतात येण्याजाण्याचे दिवस वगळून चार दिवसांचा इरादा पुरतो. खरे वतन म्हणजे जिथे माणूस कायमचा, कुटुंबासह वसला ती जागा. ते सोडून माणूस दुसरीकडे कायमचा वसला, तर जुने वतन वतन राहत नाही, मग ती जन्माची जागा का असेना. हे नियम नमाजच्या रकातींसाठी केलेले आहेत, नागरिकत्वासाठी नव्हेत. तरी त्यांतली दृष्टी घेण्यासारखी आहे. घर कोठे, हा प्रश्न फकीह शेजाऱ्याला विचारत नाही. तो त्या माणसालाच विचारतो, आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतो.

इथे कोणी रास्त हरकत घेईल. सारे इराद्यावर सोडले तर कोणीही कशालाही आपले घर म्हणेल. तोंड वळवायला काय लागते? मान फिरवली की झाले. ही हरकत आम्हांला मान्य आहे, आणि तिचे उत्तर अरबीत नाही, मराठीत आहे. 'वतन' हा अरबी शब्द मराठीत आला आणि गावात रुजला तेव्हा त्याला एक नवा अर्थ फुटला. वतन म्हणजे पिढीजात हक्क, आणि त्या हक्काबरोबर येणारे पिढीजात काम. पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, तसे काझीचे आणि मुलाण्याचेही. हक्क घ्यायचा तर काम करावे लागे. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या कायद्यांनी वतने गेली, आणि जातीला जखडलेली ती व्यवस्था गेली हे चांगलेच झाले. त्या शब्दातला एक शहाणपणा मात्र सांभाळून ठेवावा असा आहे. गाव माझे असे म्हणणाऱ्याला गावाचे काही देणे लागते.

या कसोटीवर आता आम्ही स्वतःलाच उभे करतो. १९७० च्या दशकापासून कोकणातून आखाताकडे माणसे गेली. आखाती देश कामगाराला सहसा नागरिक करून घेत नाहीत, त्यामुळे तिथे तीस वर्षे काढलेला माणूसही मनाने 'होमवर्ड'च असतो. त्याच्या पैशातून गावात घर उभे राहते. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या किती तरी मोहल्ल्यांत अशी घरे दिसतात. जांभा दगडाचे जोते, वर रंगीत टाइल, पुढे लोखंडी फाटक, आणि फाटकाला कुलूप. मे महिन्यात किंवा एखाद्या लग्नात ते उघडते. या घराचे तोंड गावाकडे आहे की रस्त्याकडे? घरमालक गावच्या शाळेची पटसंख्या विचारतो का? समोरच्या वाडीतले पाणी आटले तर त्याला कळते का? कळत असेल आणि तो हात लावत असेल, तर कुलूप असूनही ते घर आहे. नसेल, तर दिशा नुसत्या आडनावात उरली.

गावालाही हा प्रश्न विचारायला हवा, कारण वळणे दोन्ही बाजूंनी लागते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतल्या अनेक वस्त्यांतून मुस्लिम कुटुंबे उठली आणि पुष्कळ जणांनी मुंब्र्यात बिऱ्हाड मांडले. ज्या लोकलने ती रोज संध्याकाळी घरी जात, तिचे स्टेशन बदलले. त्यांच्यापैकी कित्येकांना जुन्या गल्लीतला नळ, किराणावाला, दाराशी येणारी शेजारीण आजही नावानिशी आठवते. त्यांचे तोंड वळलेलेच होते. पाठ फिरवली ती गल्लीने. मग २०२० सालच्या टाळेबंदीत साऱ्या देशाने 'गावाकडे' या शब्दाचा अर्थ पाहिला. ८ मे रोजी पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून पायी निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे. त्यांच्याजवळ वाहन नव्हते, परवाना नव्हता, फक्त दिशा होती. त्याच महिन्यांत कोकणातल्या काही गावांनी मुंबईहून आलेल्या आपल्याच चाकरमान्यांना वेशीवर अडवले. आजाराची भीती खरी होती, हे कबूल. पण वेशीवर उभा राहिलेला माणूस त्या रात्री शिकला की घराकडे तोंड करून चालत येणे हे त्याचे काम, आणि दार उघडणे हे गावाचे.

म्हणून आमच्या निष्ठेची दिशा विचारणाऱ्यांना आम्ही दोन गोष्टी सांगू. पहिली ही की हा प्रश्न दुसऱ्याच्या वतीने सोडवता येत नाही. कप्तानाच्या वहीवरून खलाशाचे घर कळत नाही. दुसरी ही की विचारायचेच असेल तर तोंड कुठे आहे ते न विचारता हात कुठे आहेत ते विचारावे. दुष्काळात, पुरात, शाळेच्या समितीत, रक्तदानाच्या रांगेत, शेजारच्या मयतीत कोण उभे असते ते पाहावे. आणि हेच माप विचारणाऱ्यांनी स्वतःलाही लावावे.

सुरुवातीला म्हटले होते की 'होमवर्ड'मधला तो 'वर्ड' आणि आपले 'वर्तन' एकाच धातूची लेकरे आहेत. शब्दांची नाती हा पुरावा नसतो, हे आम्हांला कळते. तरी हे नाते आम्हांला खरे वाटते. माणूस कुठे वळला आहे हे अखेर त्याच्या वर्तनावरूनच दिसते. आम्ही या मातीची भाषा लिहितो, इथले तंटे भांडतो, इथल्या कबरस्तानांत आमची माणसे झोपलेली आहेत. आमचा किब्ला मक्का आहे आणि आमचे गाव इथे आहे. या दोन्ही वाक्यांमध्ये 'पण' घालायची आम्हांला गरज वाटत नाही.